बाईंना विचारा : समाधान किती आणि कशात?

वैशाख पौर्णिमा जवळ आली की या सदराकडे पत्रांचा ओघ वाढतो. एरवी लोक विहाराच्या वर्गणीबद्दल विचारतात, नाहीतर लग्नविधीत कोणती गाथा आधी म्हणायची याबद्दल. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं समाधानाभोवती फिरणारी निघाली. मी आयुष्यभर कॉलेजात पाली शिकवलं, त्यामुळे उत्तराला सुत्ताचा, म्हणजे बुद्धांच्या एखाद्या उपदेशाचा, आधार शोधायची खोड काही गेलेली नाही. ज्यांना आधार नको, नुसतं उत्तर हवं, त्यांनी गाथा ओलांडून पुढे जावं. मी रागावणार नाही.

प्रश्न : मी हिंजवडीत आयटी कंपनीत आहे. ऑफिसात माइंडफुलनेसचं सेशन झालं, तेव्हापासून मोबाइलवर अ‍ॅप घेतलंय आणि रोज सकाळी वीस मिनिटं बसतो. अ‍ॅप सांगतं, फक्त या क्षणात राहा. पण भूमकर चौकात गाडी अडकली की डोक्यात घराचा हप्ता, मुलीची अ‍ॅडमिशन आणि टीममधून कोणाला काढणार ही कुजबुज. उद्याचा विचार करू नका असं बुद्धाने खरंच सांगितलंय का? मग संसार कसा करायचा?
— एक वाचक, पुनावळे

उत्तर : संसारी माणसाला बुद्धांनी काय सांगितलं ते आधी घेऊ, कारण अ‍ॅपवाले ते सांगत नाहीत. कोलिय कुळातला दीघजाणू नावाचा गृहस्थ त्यांच्याकडे आला आणि सरळच म्हणाला, आम्ही पोराबाळांच्या गर्दीत राहणारी माणसं, काशीचं चंदन लावतो, माळा घालतो, सोनंनाणं बाळगतो. आम्हाला झेपेल असं काही सांगा. बुद्धांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं नाही. कामात कसब आणि मेहनत ठेव, मिळवलेलं सांभाळ, चांगल्या माणसांची सोबत धर, जमाखर्च पाहून बेताने राहा, असं सांगितलं. सांभाळायचं कोणापासून, तर राजा, चोर, आग, पाणी आणि नावडते वारस यांच्यापासून. अंगुत्तर निकायात ही यादी आहे; निकाय म्हणजे बुद्धवचनांचा पाली संग्रह. ज्यांची नजर नावडत्या वारसांपर्यंत पोचते, ते तुम्हाला हप्ता विसरा असं कशाला सांगतील?

आता 'या क्षणात राहा'बद्दल. मज्झिम निकायातल्या भद्देकरत्त सुत्तात गाथा आहे, 'अतीतं नान्वागमेय्य, नप्पटिकङ्खे अनागतं'. गेलेल्याच्या मागे धावू नये, येणाऱ्याची आस धरून बसू नये. लोक ही ओळ भिंतीवर लावतात आणि पुढचं वाचत नाहीत. पुढे बुद्धांनी ती फोडून सांगितली आहे. पूर्वी मी असा होतो, असं म्हणत त्यात रमणं, हे मागे धावणं. पुढे मी असा असेन, असं म्हणत त्यात रमणं, ही आस. आक्षेप सगळा त्या रमण्यावर आहे. फी भरायची तारीख वहीत लिहिली की काम संपलं. पण नोकरी गेल्यावर सासरे काय म्हणतील, त्यावर आपण काय बोलू, मग बायको काय म्हणेल, हा अख्खा प्रवेश संवादांसकट डोक्यात वठवायला लागलात तर तो दर सिग्नलला नव्याने सुरू होतो. त्याच गाथेत पुढे 'अज्जेव किच्चमातप्पं' आहे. करायचं ते आजच नेटाने करा, उद्या मरण आहे की नाही कोणाला ठाऊक. गाथा माणसाला सैल सोडत नाही, कामाला लावते.

तेव्हा असं करा. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा, बायकोला घेऊन वही उघडा आणि हप्ता, फी, नोकरी गेलीच तर किती महिने निघतील, हे सगळं आकड्यांत मांडा. नंतर चौकात तोच विचार आला तर आला हे ओळखा, छातीत काय होतंय आणि स्टीअरिंगवरची पकड किती घट्ट झालीय तेवढं पाहा. अ‍ॅपला माझी हरकत नाही. मात्र कोणाला काढणार हे सांगायचं नाही आणि सगळ्यांना शांत बसायला शिकवायचं, ही कंपनी मला जरा चतुर वाटते. कुजबुजीत तथ्य किती, हे मॅनेजरला विचारणंसुद्धा वर्तमानातच मोडतं.

प्रश्न : गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मांडी घालता येत नाही. खुर्चीत बसून केलेलं ध्यान चालतं का?
— एक आजोबा, बिबवेवाडी

उत्तर : चालतं. सतिपट्ठान सुत्तात चालताना, उभं असताना, बसलेलं असताना आणि आडवं पडलेलं असताना, चारही स्थितींत जाणीव ठेवायला सांगितली आहे. फक्त पाठ फार टेकू नका, झोप लागते. आणि लागलीच, तर या वयात ती मोडू नका.

प्रश्न : प्रतीत्यसमुत्पाद, परस्परसंबंध वगैरे वाचताना वाटतं, हे तर आपलं अद्वैतच आहे. सर्व काही एकच. मग दोन दर्शनांत भांडण कशाचं?
— एक निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ

उत्तर : भांडण नाही सर, पण 'हे आपलंच' म्हणून तुम्ही ते तुमच्या कपाटात ठेवायला निघालात तर मला दारात उभं राहावं लागेल.

अद्वैत या बदलत्या पसाऱ्याच्या मुळाशी न बदलणारं एक तत्त्व पाहतं. बुद्धांनी असं काही मुळाशी आहे हे मानलंच नाही. त्यांचं प्रतीत्यसमुत्पादाचं सूत्र एवढंच, की हे असलं की ते असतं, हे उपजलं की ते उपजतं. हे नसलं की ते नसतं, हे थांबलं की ते थांबतं. संयुत्त निकायात एक संवाद आहे. वाराणसीजवळ इसिपतनात भिक्खू महाकोट्ठित बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त यांना खोदून खोदून विचारतात. विज्ञानामुळे, म्हणजे जाणिवेमुळे, नामरूप, म्हणजे मन आणि शरीर, म्हणता आणि नामरूपामुळे विज्ञान म्हणता, मग नेमकं कोण कोणामुळे? सारिपुत्त सांगतात, बोरूच्या दोन पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या आहेत असं समजा. एक ओढून घेतली की दुसरी पडते. मला यात आवडतं ते हे, की पेंढ्या शेवटपर्यंत दोनच राहतात. त्यांची मिळून एक होत नाही, आणि दोघींना धरून ठेवणारी तिसरी कुठे दडलेलीही नाही.

हे सोपं आहे असं मात्र समजू नका. बुद्धांचे शिष्य आनंद एकदा तसं म्हणाले, तर बुद्धांनी त्यांना तिथेच अडवलं. हे न कळल्यामुळेच लोक गुंतलेल्या सुतासारखे अडकून पडले आहेत, असं महानिदान सुत्तात आहे. म्हणून पेठेतल्या माणसाला पेठेतलंच दाखवते.

सकाळी तुमच्या नळाला येणारं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचं. त्या पाण्याखाली माणसांची गावं आणि भाताची खाचरं गेली आहेत. ती उठली, म्हणून तुमच्या पिंपात पाणी आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. उन्हाळ्यात शहराने जास्त पाणी उचललं की कालव्याच्या शेपटाला दौंड-इंदापूरकडे ऊस वाळायला लागतो आणि दरवर्षी ठरल्यासारखी शहर विरुद्ध शेतकरी अशी बातमी छापून येते. ही झाली येणाऱ्या पाण्याची गोष्ट. तुमच्या मोरीतून जाणारं पाणी, त्यातलं बरंचसं धड शुद्ध न होता, मुठेत जातं. संगमावर मुठा मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमेवर उजनीचं धरण आहे आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. त्याच्याही खाली तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणवते. आषाढी वारीच्या पालख्या शहरातून जातात तेव्हा तुमच्या पेठेत वारकऱ्यांना चहापोहे देतात, चपला शिवून देतात, पायसुद्धा चेपून देतात. आणि ज्या नदीत ते स्नान करणार, तिच्याकडे आपण वर्षभर काय पाठवतो, याचं त्या दिवशी कोणालाच काही वाटत नाही.

'सर्व एकच आहे' असं म्हटलं की हे प्रकरण मिटतं. पुणंही ब्रह्म, पंढरपूरही ब्रह्म, मैलाही ब्रह्म. कोण कोणाचं काय लागतं? 'हे असलं की ते असतं' म्हटलं की हिशेब सुरू होतो, आणि सूत्राची दुसरी बाजू हाताशी येते. हे नसलं की ते नसतं. मग शुद्धीकरण केंद्र चालू आहे का, गाडी कोणत्या पाण्याने धुता, नव्या इमारतीचं सांडपाणी नक्की कुठे सोडलंय, असे अगदी नीरस प्रश्न विचारावे लागतात. मला वाटतं, बुद्धांना या नीरस प्रश्नांचा कंटाळा आला नसता.

सवड असेल तर लोकलने मळवलीला उतरून कार्ल्यालाही जाऊन या. एकवीरेच्या देवळाला लागूनच चैत्यगृह, म्हणजे लेण्यातलं प्रार्थनागृह, आहे, सुमारे ४५ मीटर लांब. बघणाऱ्याला वाटतं, एवढं काम म्हणजे कोणा एका राजाचंच. पण खांबांवरचे आणि दर्शनी भागातले ब्राह्मी लेख वेगळं सांगतात. धेनुकाकट नावाच्या गावचा सिंहदत्त नावाचा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. तिथलाच सामी नावाचा सुतार. स्वतःला यवन, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीक, म्हणवणारे खांबांचे दाते. भिक्खू आणि भिक्खुणी. तिकडे जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यापारी संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलंय. प्रत्येकाने आपलं नाव, गाव, धंदा वेगळा कोरून घेतला आणि सगळ्यांचं मिळून एक काम उभं राहिलं. कोणी कोणात विरघळलेलं नाही. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी तर 'जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह' असं आपल्या कामाबद्दल स्वतःच कोरून ठेवतो. हा माणूस मला अगदी तुमच्या पेठेतला वाटत आलाय.

प्रश्न : मी रोज पहाटे मैत्रीभावना करते, 'सर्व प्राणी सुखी होवोत'. साडेनऊला कामवाल्या मावशींचा फोन येतो, आज येत नाही. असा संताप होतो की सगळी मैत्री तिथेच संपते. यंदा त्या मे महिन्यात गावी गेल्या आणि आल्या त्या पगारवाढ आणि वर उचल मागतच. मन स्थिर कसं ठेवू?
— एक वाचिका, सिंहगड रस्ता

उत्तर : सर्व प्राण्यांपासून सुरुवात केली की हा घोळ होतोच. सर्व प्राणी कधी दांडी मारत नाहीत.

दीघ निकायात सिगाल नावाच्या तरुणाची गोष्ट आहे. राजगृहाबाहेर सकाळी ओल्या कपड्यांनी, ओल्या केसांनी तो सहा दिशांना हात जोडत होता, कारण वडील जाताना तसं सांगून गेले होते. बुद्धांनी त्याला नमस्कार बंद कर असं म्हटलं नाही. दिशा कोणत्या ते सांगितलं. पूर्वेला आईवडील, दक्षिणेला गुरू, पश्चिमेला बायकोमुलं, उत्तरेला मित्र, वर श्रमण-ब्राह्मण, आणि खालची दिशा म्हणजे घरात राबणारे कामकरी. या खालच्या दिशेला मालकाने पाच गोष्टी द्यायच्या. ताकदीप्रमाणेच काम, जेवण आणि पगार, आजारपणात देखभाल, घरात काही खास केलं तर त्यातला वाटा, आणि वेळोवेळी सुट्टी. सुट्टी त्या यादीत स्पष्ट आहे. आपल्या सोसायट्यांमध्ये तो अजून वादाचा विषय आहे.

माझी आत्या खडकीत चार घरची धुणीभांडी करायची. एका घरची बाई फार मायाळू, असं ती नेहमी सांगायची. तिची कपबशी मात्र त्या घराच्या खिडकीत वेगळी ठेवलेली असे. तुमच्याकडे तसं काही नसेल, नसावं. पण मावशी राहतात कुठे, किती घरं करतात, साडेनऊचा फोन नेमका कशामुळे येतो, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. पाणी आलं नाही म्हणून? नातवाला ताप म्हणून? की आधीच्या घरात पाहुणे आले आणि तिथेच अकरा वाजले? एकदा विचारून पाहा, चौकशीच्या सुरात नको. मग दुसरी यादी करा, त्या आल्या नाहीत त्या दिवशी तुमच्या घरात काय काय अडलं याची. डबा, ऑफिसची वेळ, सासूबाईंचं औषध, तुमची कंबर. दहा वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत तुम्ही जे जे करता ते त्यांच्या हातांवर उभं असतं. एरवी हे दिसत नाही. दांडीच्या दिवशी दिसतं. तुम्ही त्याला संताप म्हणता.

करायचं ते साधं आहे. महिन्याच्या सुट्ट्या ठरवून द्या, पगार वाढवा, उचल द्या आणि ती थोडी थोडी करून वळती करून घ्या, गावी जायच्या तारखा आधी सांगायचं दोघींनी मिळून ठरवा. एवढं झाल्यावर जो राग उरेल तो मला कळवा, त्याच्यावर मैत्रीभावनेने काम करू. पगार जिथल्या तिथे ठेवून केलेली मैत्रीभावना मला फार स्वस्तातली वाटते.

प्रश्न : मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पार्किंगवरून रोज भांडणं. आता लोक आपापल्या जागेवर साखळी लावून कुलूप घालतात. बौद्ध विचारात यावर काही आहे का?
— एक त्रस्त सेक्रेटरी, कोथरूड

उत्तर : तुमच्या सोसायटीचं वर्णन त्याच महानिदान सुत्तात आहे. तृष्णेतून शोधाशोध, शोधाशोधीतून लाभ, लाभातून हे कोणाचं ते ठरवणं, त्यातून ओढ, ओढीतून चिकटणं, चिकटण्यातून मालकी, मालकीतून कंजूषपणा, कंजूषपणातून राखण; आणि राखणीतून काठ्या, शस्त्रं, कलह आणि तूतू-मैंमैं. कुलपं लागली म्हणजे तुम्ही राखणीपर्यंत पोचलात. काठीच्या आधी सर्वसाधारण सभा घ्या, आणि पाहुण्यांच्या गाड्यांची जागा कोणाच्याही नावावर होऊ देऊ नका.

प्रश्न : बाई, जय भीम. मी परभणी जिल्ह्यातली. पुण्यात राहून एमपीएससी करते. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले, पुढे नाही. आजी फोनवर म्हणते, मिळेल त्यात समाधान मान, लग्न कर, बुद्धांनीही तेच सांगितलंय. आमच्या विहारात भन्तेजींचं प्रवचनही 'सन्तुट्ठिपरमं धनं' यावरच झालं. बाबासाहेब तर शिका आणि संघर्ष करा म्हणाले. मग ऐकायचं कोणाचं? रात्री अभ्यासिकेतून परतताना वाटतं, मी हावरी आहे का? धम्म मोडतेय का?
— एक विद्यार्थिनी, नवी पेठ

उत्तर : जय भीम. तू काहीही मोडत नाहीस.

भन्तेजींनी घेतलेली गाथा धम्मपदातली आहे. आरोग्य हा सर्वांत मोठा लाभ, समाधान हे सर्वांत मोठं धन. त्यात शंका नाही. प्रश्न आहे तो समाधान कशात मानायचं याचा, आणि त्याचं उत्तर अंगुत्तर निकायात इतकं नेमकं दिलंय की ते दर प्रवचनात वाचून दाखवावं असं मला वाटतं. अरियवंस, म्हणजे श्रेष्ठांची परंपरा, म्हणून चार गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, मिळेल त्या चीवरात समाधान. दुसरी, मिळेल त्या भिक्षेत. तिसरी, मिळेल त्या निवासात. चौथ्या जागी आपल्याला वाटतं, आता 'पदरी पडलेल्या नशिबात समाधान' असं काही येणार. तसं काही येत नाही. चौथी गोष्ट आहे भावनेत रमणं, म्हणजे स्वतःला घडवत राहण्यात आणि वाईट ते सोडत जाण्यात आनंद वाटणं. कपडा, ताट आणि डोक्यावरचं छप्पर, समाधानाची हद्द इथपर्यंत. याच अंगुत्तरात दुसरीकडे बुद्ध सांगतात, दोन गोष्टी मला स्वतःला उमगल्या, कुशल गोष्टींच्या बाबतीत समाधानी न होणं आणि प्रयत्नात मागे न हटणं. आजीला हे वाचून दाखव. आजीला आवडेल असं मी म्हणत नाही.

आजीवर चिडू नकोस मात्र. तिच्या वाट्याला शाळा नव्हती, निवड नव्हती, रोजगार हमीच्या कामावर मुकादम देईल तो दर होता. त्या परिस्थितीत समाधान नावाचा आधार उपजला नसता तर ती टिकली नसती. हे असलं की ते असतं. पण तिच्या अटी तुझ्या नाहीत, तेव्हा तिचं समाधानही जसंच्या तसं तुझं होणार नाही.

आणि आपल्या लोकांना समाधानाचा उपदेश कोणी केला, किती काळ केला, हेही विसरू नकोस. मज्झिम निकायात एसुकारी नावाचा ब्राह्मण बुद्धांना सांगतो, कोणी कोणाची सेवा करायची हे ब्राह्मणांनी वर्णावर्णाप्रमाणे ठरवून दिलेलं आहे. बुद्ध विचारतात, साऱ्या जगाने त्यांना तशी मुभा दिली आहे का? तो म्हणतो, नाही. मग बुद्ध म्हणतात, हे तर असं झालं, की गरीब, कफल्लक माणसाच्या गळ्यात त्याला नको असताना मांसाचा तुकडा मारायचा आणि वर म्हणायचं, हे खा आणि याचे पैसेही मोज. आपल्या आज्या-पणज्यांच्या ताटात समाधान असंच वाढलं गेलं. बाबासाहेबांनी जो बुद्ध निवडला तो हा प्रश्न विचारणारा आहे. दोघांत कोणाचं ऐकू, ही अडचण तुझी नव्हे, ती प्रवचनाची आहे.

माझे वडील देहूरोडच्या डेपोत मजूर होते. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा आई त्या गर्दीत होती आणि मी तिच्या पोटात. आईकडे लुगडी दोन. एक अंगावर, एक दोरीवर. वडील बोनसच्या वेळी तिसऱ्याचं नाव काढायचे तर ती म्हणायची, ठेवू कुठे? तीच बाई, मला वर्गात मागे वेगळं बसवतात हे कळल्यावर शाळेत गेली आणि हेडमास्तरांच्या टेबलासमोर उभी राहिली. आरडाओरडा केला नाही. बाक बदलेपर्यंत हलली नाही, एवढंच. ती समाधानी होती का, असं मला कोणी विचारलं तर मी आधी विचारेन, लुगड्याचं विचारताय की बाकाचं?

आता तुझ्या परीक्षेकडे. असमाधान अभ्यासाबाबत असू दे. निकाल त्या खात्यात येत नाही. जागा किती निघतील, कट-ऑफ कुठे थांबेल, परीक्षा किती वेळा पुढे ढकलतील, हे तुझ्या एकटीच्या हातात नाही, आणि जे हातात नाही त्यावर रात्री दोनपर्यंत जागून काही मिळत नाही. संयुत्त निकायात अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंबद्दल एक देवता विचारते, एकवेळचं जेवून यांचे चेहरे इतके प्रसन्न कसे? उत्तर आहे, गेल्याचा शोक करत नाहीत, न आलेल्यासाठी झुरत नाहीत, समोर आहे त्यावर निभावतात. आणि पुढची ओळ अशी, की उद्यासाठी झुरून आणि कालचा शोक करून अजाण माणसं सुकतात, कापलेल्या हिरव्या बोरूसारखी, 'नळोव हरितो लुतो'. नवी पेठ आणि सदाशिव पेठेतल्या चहाच्या टपऱ्यांवर असे चेहरे मी पाहते. ते बाविशीतले होते तेव्हाही पाहिलेत आणि त्यांची तिशी उलटल्यावरही.

म्हणून दोन कामं कर. आणखी किती प्रयत्न करायचे ते आत्ताच, निकालाचा ताप नसताना, घरच्यांशी बोलून कागदावर लिही. आणि त्यानंतरची वाट आजच चाचपून ठेव. नेटची परीक्षा असेल, बँक असेल, बी.एड. असेल. अभ्यास करताना मन लावून कर, अभ्यासिका सोडली की सोडली. मेसचं जेवण चुकवू नकोस. लग्नाचं आजीशी वेगळं बोल, ते समाधानाच्या गाथेत मिसळू देऊ नकोस. ती गाथा त्यासाठी नाही. आणि हावरी हा शब्द स्वतःसाठी वापरू नकोस. एका खोलीत चौघी राहून, एका टेबल-लॅम्पवर अभ्यास करणाऱ्या मुलीला तो शोभत नाही.

प्रश्न : वय ५२. गाथा पाठ आहेत पण अर्थ कळत नाही. या वयात पाली शिकता येईल का? देवनागरीतून चालेल का? पुण्यात सोय आहे का?
— एक उपासक, येरवडा

उत्तर : तिन्हीला होय. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहलीत लिहितात, थायलंडात थाई लिपीत, आपण देवनागरीत. भिक्खू जगदीश काश्यपांच्या संपादनाखाली नालंदाहून अख्खं तिपिटक, म्हणजे पाली बौद्ध ग्रंथांचा पूर्ण संग्रह, देवनागरीत निघालं आहे. पुण्याला पालीची परंपराही जुनी आहे, धर्मानंद कोसंबी १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पालीचा स्वतंत्र विभाग आहे. नवं सत्र सुरू व्हायच्या आधी तिथे जाऊन प्रवेशाची चौकशी करा; वय कोणी विचारत बसत नाही.

तोवर घरी धम्मपद उघडा. आठवड्याला एक गाथा, आणि अर्थ आधी पाहू नका. मराठी माणसाला निम्मी गाथा तशीच कळते, उरलेल्या निम्म्यासाठी विभक्ती लागतात. 'बुद्धो'पासून सुरू करा, आठही विभक्ती मोठ्याने म्हणा, घरचे हसतील ते हसू द्या. अडलात की पत्र पाठवा. फक्त अक्षर जरा सुवाच्य काढा. या वेळच्या पत्रात 'उपासक' मी तिसऱ्या प्रयत्नात वाचलं.